फिरवलेली जन्मवेळ

ज्योतिषीबुवांनी लेकीची आणि तिने पसंत केलेल्या मुलाची पत्रिका मिटली. "पंधराच गुण, त्यात एकनाड. मुलं जगायची नाहीत. विषय संपला." लेक डोळे पुसत आत गेली. बायकोने कपाटाच्या तळाशी तीस वर्षं दडवलेली, दवाखान्याची पिवळी पडलेली चिठ्ठी त्यांच्यापुढे ठेवली. "आपले एकतीस जुळले होते ना? बाबांनी माझी जन्मवेळ फिरवून दिली होती. खरी ही. मांडा." बुवांनी पेन्सिल उचलली, पंचांगाची पानं उलटली. "नऊ," ते पुटपुटले, "आणि एकनाडच." "मग? मोडला का आपला संसार?" बुवांनी पेन्सिल खाली ठेवली. तिचा जीव भांड्यात पडला. आता लेकीला हाक मारायची बाकी होती. बुवा मात्र भिंतीवरच्या फोटोकडे बघत राहिले. त्यांचा थोरला, सहाव्या वर्षी तापाने गेलेला. चिठ्ठीची घडी घालत ते म्हणाले, "म्हणजे तो तापाने गेला नव्हता."