शिंगातला शेवटचा घोट

“धन्यवाद म्हण पास्टरांना,” ओब्दुलिया मावशीने निदियाला तिसऱ्यांदा बजावलं. “एवढ्या लांबून गाडी घेऊन आलेत तुला न्यायला.”

निदिया चार महिन्यांत आज पहिल्यांदा कुणी न उठवता उठली होती, स्वतःच्या हाताने वेणी घालून अंगणात आली होती. जायचं नाही, आणि ते तोंडाने सांगायचं, एवढं तिने ठरवलं होतं. आता जीभच उचलेना.

आंब्याखाली तेरेरे पिणं चालू होतं. शिंगाच्या पेल्यातल्या पाल्यावर आई पुदिना कुटून घातलेलं बर्फाचं पाणी ओतायची, आणि त्याच एका नळीने सगळे आळीपाळीने प्यायचे. पिताना कुणी धन्यवाद म्हणत नाही. जो म्हणतो त्याचं झालं. त्याला पुन्हा ओतत नाहीत. एवढं पॅराग्वेत शेंबडं पोरही जाणतं.

पास्टर लेओन्सिओ सहाव्यांदा पीत होते. “सहा महिने आमच्या मळ्यावर राहील. प्रार्थना, उपास, कष्ट. किती बायकांचं हे खूळ उतरवलंय मी. गोळ्या मात्र बंद. आणि त्या मिर्ताचा फोनही बंद.”

मिर्ताचं नाव निघालं आणि निदियाची जीभ सुटली.

“गोळ्या मला जगावंसं वाटत नाही म्हणून आहेत. त्या मी घेणारच. आणि मिर्ता म्हणजे माझा आजार नाही, मावशी. त्या दिवशी मला दवाखान्यात तिनेच उचलून नेलं. नाहीतर आज न्यायला कुणी उरलंच नसतं. माझं तिच्यावर प्रेम आहे. मी येणार नाही.”

“लाजच सोडली हिने,” मावशी आईकडे वळली. “एउसेबिया, आता तूच काय ते सांग. घर तुझं, पोरगी तुझी.”

आई आठवडाभर या विषयावर एक अक्षर बोलली नव्हती, पण काल निदियाची पिशवी भरली होती ती आईनेच.

पास्टरांनी सुर्र करून तळ गाठला, शिंग परत केलं आणि पुढच्यासाठी हात तसाच पुढे ठेवला. आईने शिंग भरलं. त्यांचा हात ओलांडून तिने ते निदियाच्या हातात दिलं.

“आता तुम्ही धन्यवाद म्हणा, पास्टर.”