मुख्याध्यापकांचा पहारा

नजर ठेवली की शिस्त आपोआप लागते, यावर निवृत्त मुख्याध्यापकांची पेन्शनपेक्षाही जास्त श्रद्धा होती. सहलीला जाताना नातीनं आपले दोन फायटर मासे त्यांच्या हवाली केले; टाकी एकच, भांडू नयेत म्हणून मध्ये काच. दिवसभर टाकीत डोकावत राहूनही दुसऱ्याच दिवशी लाल माशाची शेपटी फाटलेली दिसली.

“हा निळाच डोळे वटारतो त्याच्यावर!” म्हणत त्यांनी मधल्या काचेला काळा कागद चिकटवला आणि टाकीसमोर खुर्ची टाकून ठाण मांडलं.

“मामंजी, चहा तरी घ्या. मासा काही पळून नाही जायचा,” सूनबाई म्हणाली.

शेपटी फाटतच गेली. वैतागून त्यांनी निळ्याला शाळेतून काढावं तसं शेजाऱ्यांकडे धाडलं. तरी लालची लक्तरं वाढलीच. आता पोरीला काय तोंड दाखवायचं?

नात परतली. दारातूनच थोडा वेळ आजोबांचं खुर्चीतून उठणं-बसणं आणि टाकीतला लाल मासा बघत राहिली.


“आजोबा, तुम्ही समोर येऊन बसलात की तो स्वतःचीच शेपटी चावतो.”