हात लावण्याची परीक्षा

“आता हिला हात लावा,” रेणू म्हणाली.

समोरच्या बाईनं चाचरत मेणाच्या मुलीच्या खांद्यावर बोटं टेकवली. बाकीचे पर्यटक हसले. मॅसॅच्युसेट्समधल्या या छोट्या म्युझियममध्ये रेणू सहा वर्षं गाइड होती. या ठिकाणी लोक नेहमीच हसत.

“सोळाशे ब्याण्णवमध्ये चेटकीण अशीही ओळखायचे,” ती सांगू लागली. “मुलगी झटके येऊन किंचाळत असायची. आरोपी बाईला कोर्टात आणून तिचा हात मुलीला लावायचे. मुलगी शांत झाली, की बाई दोषी. तिनं आपलंच विष परत ओढून घेतलं, असं मानायचे.”

“आणि नाही झाली शांत तर?”

“तर निदान या परीक्षेत ती निर्दोष.”

सगळ्यांच्या मागे रेणूचा धाकटा भाऊ सिद्धेश उभा होता. उद्याच्या आईच्या वर्षश्राद्धासाठी तो सकाळीच विमानानं अर्विंगहून आला होता. गेल्या वर्षी त्याची फ्लाइट कॅन्सल झाली आणि तो पोचायच्या आत आई गेली. शेवटचे दोन महिने ती कुणालाच ओळखत नव्हती. दुपार कलली की किंचाळायला लागायची, ती थकेपर्यंत. ती गेली तेव्हा रेणूनं त्याला फोनवर सांगितलं होतं, “मी हात धरला, आणि ती शांत झाली रे.” फोनवर तो लहान मुलासारखा रडत होता.

पर्यटक पुढच्या खोलीत गेले. सिद्धेश जवळ आला.

“म्हणजे ताई, तू तर प्रूव्हन चेटकीण आहेस, यार!”

तो हसला. मग चष्मा काढून पुसत राहिला.

“खरं सांगू? त्या एका गोष्टीवर मी हे वर्ष काढलंय. शेवटी आईनं तुला ओळखलं. उद्या सगळ्यांसमोर मी तेवढंच बोलणार आहे. मावशी, काकू, सगळ्या व्हिडिओ कॉलवर असतील. चालेल ना?”

हा विषय निघाला की रेणू वर्षभर फोनवर नुसतं ‘हं’ म्हणत आली होती. तिनं मेणाच्या मुलीची टोपी सरळ केली. ती सरळच होती.

“नको बोलूस, सिद्धू,” ती म्हणाली. “त्या कोर्टानं मला निर्दोष सोडलं असतं.”