कोरी न केलेली मेमरी

मिनलने एंटर दाबलं आणि भिंतीवरच्या पडद्यावर अक्षरांचा कचरा सांडू लागला. आकडे, तुटके शब्द, रिकामे चौकोन. त्यातच एक पूर्ण नाव आलं. नावामागे वय. वयामागे आजार.

खोलीतले सगळे पडद्याकडे वळले.

"हे मी टाकलेलं नाही," मिनल म्हणाली. "सकाळी या मशीनवर ज्यांचा रिपोर्ट निघाला, त्यांचं आहे. सिस्टिमचा गाभा, म्हणजे कर्नल, प्रोग्रामले मेमरीची जागा देते. देण्याआधी ती कोरी करायची असते. तुमची मशीन करत नाही. ताट न धुता दुसऱ्याले वाढावं, तसं चाललं आहे."

बोलत होती ती शोभाताईंशी. विदर्भभर रक्त-लघवी तपासणीची सेंटरं चालवणाऱ्या लॅबच्या त्या मालकीण. पण मिनलची नजर त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर होती. तिथे अमोल बसला होता. रिपोर्ट काढणारी ही मशीन त्याच्या कंपनीने बनवली होती, आणि दोन वर्षांआधी मिनल त्याच्याच हाताखाली काम करत होती.

तेव्हाच तिने हा दोष त्याला दाखवला होता. "मशीन पुढच्या आठवड्यात द्यायची आहे. हा विषय आता काढू नको," तो म्हणाला होता. मग त्याच दोषामुळे काटोलच्या एका मास्तरांचा एचआयव्हीचा रिपोर्ट भलत्याच माणसाच्या कागदावर छापून गेला. मास्तर गाव सोडून गेले. चौकशीत अमोलने शांतपणे सांगितलं, "तो कोड मिनलचा आहे." कोड तिचाच होता. त्याचा हुकूम मात्र तोंडी होता.

नोकरी गेली. नागपुरात कोणी दारात उभं करेना. इतवारीतल्या भांड्यांच्या दुकानात गिऱ्हाईकं तिच्या वडिलांना विचारायची, "चंपतराव, पोरीनं काय केलं गा?" चंपतरावांनी गल्ल्यावर बसणं सोडलं. घरी ते तिला एका शब्दाने बोलले नाहीत. तेच तिला जास्त लागलं.

पुढे तिला सिस्टिममधल्या फटी शोधणाऱ्या एका लहान कंपनीत काम मिळालं. शोभाताईंच्या लॅबने मशीन तपासायला पाठवली, तेव्हा ते काम तिने मागून घेतलं. अमोलने जुनी फट बुजवली होती. तिच्या शेजारीच तशीच दुसरी उघडी होती. मिनलने आपल्या कंपनीच्या साहेबांना एकच अट घातली. निकाल कागदावर नाही, लॅबच्या चालू मशीनवर समोरासमोर द्यायचा. आणि अमोल तिथे हजर पाहिजे.

"हे ठरवून करून राहिली ती," अमोल उठत म्हणाला. "तिचा माझ्यावर जुना राग आहे."

"बसा," शोभाताई म्हणाल्या.

"राग आहेच," मिनल म्हणाली. "मेमरी कोरी होत नाही, हे दोन वर्षांआधी मी तुले सांगितलं होतं का नाही? इथं सांग."

अमोल बसला.

"सांगितलं होतं."

एवढंच तिला हवं होतं. शोभाताईंच्या लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. अमोलचे कान लाल झाले होते. मिनलने प्रोग्राम थांबवला नाही. त्याने अजून थोडा वेळ त्या पडद्यासमोर बसावं, असं तिला वाटलं.

पडद्यावर कचरा सांडतच होता. मग त्यात सलग ओळी आल्या. हा प्रोग्राम उतरवून घ्यायला सकाळी तिने याच मशीनवर आपली मेल उघडली होती. मेलच्या पानावर वरच्या बाजूला मैत्रिणीशी झालेलं चॅट उघडं होतं; तेही मेमरीत उरलं होतं.

"चिन्मयी: महिना झाला ना तुले ती फट सापडून. कळवून टाक लॅबवाल्याइले."

"मिनल: आताच नाही. तो समोर बसला असला की सगळ्याइच्या देखत फोडीन."

तिने झडप घालून बटण दाबलं. तोवर सगळ्यांनी वाचलं होतं.

शोभाताईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"महिना?"

"मॅडम, मले आधी पक्की खात्री..." मिनल बटणावरचं बोट न काढता म्हणाली.

"मागच्या आठवड्यात भिवापूरच्या एका पोरीचं ठरलेलं लग्न मोडलं," शोभाताई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "तिला मिरगी येते, हे दुसऱ्याच्या रिपोर्टावर छापून गेलं. तो कागद नेमका सासरच्या गावात पोचला. तिचे बाबा काल माझ्या घरी आले होते. कोणाचा दोष, विचारून राहिले होते. आता मी त्याइले कोणाचं नाव सांगू?"

अमोलने मान वर केली आणि मिनलकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, लाजही नव्हती. आपल्यातल्याच एकाकडे पाहावं, तसं तो पाहत होता.