वत्सलाताईंची धाप

नामशेष झाल्यावर संग्रहालयातल्या पिसांपासून पुन्हा जन्माला घातलेल्या कस्तूर पाखरांना शीळ शिकवायला आईबाप नव्हते. ध्वनिमुद्रणाला ती दाद देईनात. शेवटी उत्क्रांतीच्या अभ्यासक वत्सलाताई केळुसकर आंबोलीत पिंजऱ्यापुढे बसून स्वतःच शीळ घालू लागल्या. दम्यामुळे मध्येच त्यांना धाप लागे. पाखरांनी शिळेबरोबर ती धापही इमानेइतबारे उचलली आणि रानात सोडल्यावरही तशीच घेतली.

"रानभर माझा दमा पसरवला गं," त्या ओशाळून वनरक्षक तुळसा गावडेला म्हणायच्या.

आज रानातच जन्मलेलं पहिलं पिल्लू फांदीवर बसून शीळ घालू लागलं. धापेच्या जागी त्यानं कुणीच न शिकवलेली एक उंच तान घेतली.

"ताई, चुकलं हो ते!" तुळसा हळहळली.

ताईंनी डोळे पुसले. "अगं, जन्मभर याच चुकीची वाट पाहिली मी. आता ते माझं राहिलं नाही, रानाचं झालं."