खात्री

चावीवाल्यांच्या ग्रुपवर नव्याने आलेल्या एकाने विचारलं, "दाराचं लॅच आतून अडकलंय. घरात आजी एकट्याच आहेत, हाक मारली तर ओ देत नाहीत. लवकर कसं उघडू?"

ग्रुपमधले सगळ्यात जुने चावीवाले म्हणजे वस्ताद. आपल्या दुकानात कानस बाजूला ठेवून त्यांनी हे वाचलं आणि त्यांच्या मनात पाल चुकचुकली.

"कोणी काही सांगू नका रे. चोरही असंच विचारतात," त्यांनी सगळ्यांना दटावलं. मधे मधे येणारे फोन कापत त्यांनी नव्याकडे आधी दुकानाचा फोटो मागितला, मग ओळखपत्र. दोन्ही आलं, तरी त्यांचं समाधान होईना.

"आता त्या दाराचा फोटो टाका राव, मग बघू."

फोटो आला.



दारावर वस्तादांच्याच नावाची पाटी होती.