सोनोग्राफीला पहारा

“पानी प्यायलीस काय गो?” शेजारच्या बाईने ज्युलीला विचारलं. कळंबची होती, तिसरा महिना लागलेली, मांडीवर पाण्याची बाटली. “पोट फुगल्याशिवाय आत घेत नाय.”

“मला नाही सांगितलं प्यायला,” ज्युली म्हणाली.

पलीकडे बसलेल्या सासूने, कार्मिनने, हे बरोब्बर ऐकलं. ऐकायलाच तर ती आली होती! ‘मलाही वसईत काम आहे’ असं धडधडीत खोटं सांगून भुईगावहून सुनेच्या रिक्षात घुसली होती. आणि आता सासूबाई सोनोग्राफी सेंटरच्या बाकावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकीचं पोट न्याहाळत होत्या. सगळ्या पोटुश्याच. भिंतीवर बाळाचं चित्र, त्याखाली ‘गर्भलिंग निदान केले जात नाही’ ही पाटी. आणि ज्युलीचा नवरा मार्सेल मस्कतला जाऊन वर्ष होत आलेलं.

“गाठ छातीत आहे म्हणालीस ना?” कार्मिन तिच्या कानाशी आली. “मग इथं कशाला? छातीची कधी सोनोग्राफी असते होय?”

“डॉक्टरांनी लिहून दिलीय, आय.”

“कुठल्या डॉक्टरांनी? आपल्या, की आणखी कुणी?”

ज्युलीच्या डोक्यात तिडीक गेली. आठवडाभर आंघोळ करताना तिचा हात पुन्हा पुन्हा त्याच जागी जात होता. वाटाण्याएवढी गाठ, दाबली की कळ मारायची. कॅन्सर असला तर पोरांचं काय, या विचाराने घास उतरत नव्हता. आणि या बाईला भलतंच सुचत होतं.

“ज्युली लोपीस!” नर्सने हाक मारली. कार्मिनही ताडकन उठली.

“एकट्याच या.”

“येऊ दे त्यांना,” ज्युली म्हणाली. “बघू दे एकदाचं डोळ्यांनी.”

आत अंधुक होतं, एसीचा गारठा. डॉक्टर विनिता मशीनसमोर बसल्या होत्या. “कमरेच्या वरचे कपडे काढून आडव्या व्हा. हात डोक्याखाली घ्या. जेली थंड लागेल, बाकी काही नाही. सुई नाही, दुखणार नाही.”

ज्युलीच्या अंगावर काटा आला. डॉक्टरांनी हातातलं यंत्र छातीवर टेकवलं आणि हळूहळू फिरवायला लागल्या. मग काखेत, मग दुसऱ्या बाजूला. कार्मिन पायथ्याशी उभी होती. तिची नजर ज्युलीच्या पोटावरून हलत नव्हती. आता खाली आणतील, आता आणतील.

“पोटावर नाही फिरवत?” शेवटी तिच्याच्याने राहवेना.

“पोटाचं काय काम, मावशी? तपासणी छातीची आहे.”

“म्हणजे पोटात…”

“आय, पुरे!” ज्युली किंचाळलीच. डोळ्यांतलं पाणी कानात गेलं.

डॉक्टरांचा हात एका जागी थांबला. त्यांनी यंत्र जरा दाबलं, तिरकं केलं, पुन्हा सरळ केलं. ज्युलीने श्वास धरून ठेवला.

“काय आहे? सांगा ना.”

“हे काळं, गोल दिसतंय? आत पाणी आहे. पाण्याची गाठ. तुमच्या डॉक्टरांना रिपोर्ट दाखवा, पण घाबरण्यासारखं यात काही नाही.”

“कॅन्सर नाही?”

“नाही हो.”

ज्युली रडतारडता हसायला लागली. कार्मिनने आता माफी मागायला हवी होती, निदान देवाचे आभार तरी. पण ती पडद्यावरच्या काळ्या गोलाकडे बघत उभी होती.

“हिची दुखते,” ती म्हणाली. “दुखते ती वाईट, ना डॉक्टर? न दुखणारीचं काही नसतं.”

“कुणी सांगितलं? दुखो न दुखो, गाठ हाताला लागली की दाखवायची. न दुखणारी तर बायका लपवूनच ठेवतात, मग फार उशीर होतो.”

नर्सने दिलेल्या कागदाने ज्युली जेली पुसत होती. कपडे घालून वळली तर सासू भिंतीकडे तोंड करून उभी, पदर खाली, बोटं ब्लाऊजच्या हुकांशी झटापट करताहेत. एकही हुक निघत नव्हता.

“तू बाहेर थांब गो,” कार्मिन म्हणाली.

ज्युली बाहेर गेली नाही. तिने पुढे होऊन एकेक हुक काढला. आत, डाव्या बाजूला, घडी घातलेला रुमाल होता. लालसर ओला.

“किती दिवस झाले, आय?”

कार्मिनने रुमाल काढून मुठीत दाबला.

“दुखत नव्हतं गो,” ती म्हणाली.